कोसमगडचे हत्ती

घनश्याम हरिणखेडे सकाळी न्हाणीतून बाहेर आला आणि अंग पुसता पुसता म्हणाला, "आपला ईश्वर मोठा जाणता होता बा."

चुलीपाशी निर्मलाबाईच्या हातातली लाटलेली पुरी, सुवारी, कढईत पडायची ती राखेत पडली. दाराआड तांदूळ निवडत बसलेल्या देवकाबाईचा हात सुपातच थांबला. नवरा जाऊन तिला सहा वर्षं झाली होती. तो होता तेव्हा आणि गेल्यावरही, भासऱ्याच्या, म्हणजे थोरला दीर घनश्यामच्या, तोंडून ईश्वरदासचं नाव निघालं की मागून एकच वाक्य यायचं: बैलजोडी देऊन कागद आणला. दवनीवाडा गावात कोणी फसलं, कोणाची गाय आटली, कोणाचा जावई पळाला, घनश्यामला दाखला तोच सुचायचा. नांगर जरा अडला की म्हणायचा, ती जोडी असती तर. जोडी एव्हाना म्हातारी होऊन मेलीही असती, पण घनश्यामच्या बोलण्यात ते दोन्ही बैल कायम ऐन उमेदीत होते.

मग आज हे काय नवीन?

नवीन होतं ते धाकट्या दिरानं, गुलाबचंदनं आदल्या दिवशी गोंदियाहून आणलं होतं. घनश्यामच्या जमुनाला पाहायला आज पाहुणे येणार होते. मुलगा गोंदियाला शाळेत मास्तर. त्याला लहानाचा मोठा केला त्याच्या मामानं, चुन्नीलाल बिसेननं, त्यामुळे त्या घरात मामाचा शब्द शेवटचा. आणि हा मामा, पोस्टमास्तरकीतून निवृत्त झालेला, जुन्या डाकतिकिटांपायी अर्धा वेडा होता. जेवता जेवता पाकिटावरचं तिकीट दिसलं तर हात न धुता उठायचा, असं गुलाबचंदनं ऐकलं होतं.

"तिले सांग," घनश्याम बायकोला म्हणाला, "ते हत्तीवाले टिकट काढून ठेव म्हनाव. चुन्नीलालजीले भेट देऊ. सोयरीक आजच पक्की होते का नाही पाहा."

देवकाबाई त्याच्यापासून हाताच्या अंतरावर होती, मधे फक्त दाराची फळी. पण धाकट्या भावाची बायको आणि भासरा थेट बोलत नसत. त्यामुळे निर्मलाबाईनं मान वळवली आणि तेच वाक्य पुन्हा सांगितलं.

"मोठ्याबाई, त्यायले सांगा," देवकाबाई म्हणाली, "ते टिकट भेट द्याजोगे नाहीत."

"भेट द्याजोगे नाहीत म्हनते."

"काऊन? फाटले का?"

"फाटले का म्हनून विचारून राहिले."

"फाटले नाहीत."

"मंग?"

दाराआड देवकाबाईनं तांदूळ पाखडायला घेतले.

गुलाबचंद बाहेरच्या छपरीतून आत आला. गोंदियाच्या धान्यबाजारात बसून बसून त्याला प्रत्येक वस्तूच्या पोटात भाव दिसायचा. "वैनी बरोबर बोलून राहिली, दादा. फुकट कायले द्याचे? कलकत्त्याचे शौकीन लोक अशा टिकटासाठी मरतात म्हने. त्यायले दाखवू, वास देऊ, अन् खिशात ठेवू. मंग विकू अन् तिघायच्या घरात वाटून घेऊ."

"काल तं तूच म्हनला भेट द्या."

"काल मले कलकत्त्याचं माहीत नव्हतं."

निर्मलाबाई एरवी देवकाबाईच्या बाजूची. दोघींनी मिळून या दोन भावांना पुष्कळ पचवलं होतं. पण आज प्रश्न पोटच्या पोरीचा होता. ती चुलीपुढून उठली, दारात आली आणि हळूच म्हणाली, "देवके, माया पोरीपेक्षा कागद मोठा झाला का वो?"

हे मात्र देवकाबाईला लागलं. तिला पोरबाळ नव्हतं. जमुनाला तिनंच खांद्यावर वाढवलं होतं. तिला सांगावंसं वाटलं की बाई, पोरीसाठीच नाही म्हणून राहिली. पण ते सांगायचं तर पुढचंही सांगावं लागलं असतं.

पुढचं असं होतं की ते हत्ती नकली होते.

कोसमगड हे देवरीच्या पलीकडचं, जंगलातलं टीचभर संस्थान. तिथल्या राजाला जुन्या काळी स्वतःची डाक चालवायची हौस आली. छापखाना नव्हता, म्हणून त्यानं गावच्या सुताराकडून सागाच्या फळीवर बारा हत्ती कोरून घेतले, शाई फासली आणि कागद दाबून तिकिटं काढली. काही वर्षांत सरकारी डाक आली, हत्ती बंद पडले. त्यामुळे जाणकारांत त्यांना फार मान. ईश्वरदासला तिकिटांचं वेड शाळेपासून. आमगावच्या बाजारात त्याला बकाराम नावाचा, एका डोळ्यात फूल पडलेला माणूस भेटला. माझा आजा कोसमगडचा दिवाण होता, म्हणाला, आणि चार हत्तींची सलग पट्टी त्यानं दाखवली. ईश्वरदास बैल विकायला गेलाच नव्हता, नाल ठोकून आणायला गेला होता. संध्याकाळी तो पायी परत आला, टोपीच्या घडीत पट्टी ठेवून, आणि चेहरा असा की जणू राज्य मिळालं.

पुढे दोन वर्षांनी तेंदूपत्त्याच्या कामासाठी तो देवरीकडे गेला. तिथे रेवाराम नावाचा एक म्हातारा गोंड भेटला. जवानीत तो संस्थानची डाक घेऊन जंगलातून धावायचा. त्याच्या लाकडी पेटीच्या झाकणाला आतून एक हत्ती चिकटवलेला होता. त्यानं तो ओला करून सोडवला आणि ईश्वरदासच्या हातावर ठेवला. सुतारानं बारा कोरले, म्हणाला, पण एकासारखा एक काही जमला नाही, आम्ही त्यायले पाहून हसत होतो.

त्या रात्री नव्हे, दुसऱ्या दिवशी भर दुपारी ईश्वरदासनं बायकोपुढे पट्टी आणि तो एकटा हत्ती शेजारी ठेवले. रेवारामचा हत्ती डुकरासारखा दिसत होता, आणि सोंड कोणती नि शेपूट कोणती हे ठरवावं लागत होतं. पट्टीतले चारही हत्ती देखणे होते आणि हुबेहूब एकसारखे.

"हाताचं काम असं नसते, देवका," तो म्हणाला. "हे कोनी एकच ठसा करून चारदा मारला." मग तो हसायला लागला तो डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. शेवटी धोतरानं तोंड पुसून म्हणाला, "दादाले सांगू नको. बैल गेल्याचं त्याले दुःख आहे. हे ऐकलं तं त्याले सुख होईल. ते मले पाहावनार नाही."

तिनं सांगितलं नाही. नवऱ्यानं कागद आणला असं लोक म्हणाले ते तिनं ऐकून घेतलं, पण खोटा कागद आणला असं म्हणायची संधी तिनं या घरात कोणाला दिली नव्हती. आणि आता तोच खोटा कागद जमुनाच्या कुंकवाबरोबर सासरी जाणार. उद्या त्या जाणत्या मामाला कळलं, म्हणजे पोरीला जन्मभर ऐकावं लागेल की तुझ्या बापानं आम्हाला नकली माल दिला.

पाहुण्यांची बैलांची दमणी दुपारी दारात उभी राहिली. आधी उतरला चुन्नीलाल, काटकुळा, खिसेच खिसे असलेला कोट घातलेला, आणि काखेत पत्र्याचा डबा. घनश्याम डबा घ्यायला पुढे झाला तर त्यानं तो दुसऱ्या काखेत धरला. मागून त्याची बहीण पुष्पाबाई, मुलाची आई, सावकाश उतरली. अंगानं भरलेली, बोलायला कंजूष. तिनं छपरी पाहिली, कोठी पाहिली, दारातल्या बैलांचे खूर पाहिले आणि पानाचा डबा उघडून बसली.

देवकाबाई दाराआडच होती. शुभकार्यात विधवेनं पुढे यायचं नसतं. जमुना तिच्या मागे, नवं लुगडं नेसून, चहाचं ताट घेऊन तयार.

पोहे झाले, पाणी झालं. चुन्नीलालनं मुलीबद्दल एक शब्द विचारला नाही. त्यानं घसा साफ केला. "घनश्यामजी, सुना है, आपके यहाँ कोसमगडचे हत्ती आहेत?"

"आहेत ना," घनश्याम म्हणाला. "आमच्या घरात अशा वस्तूची लई कदर."

सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या. निर्मलाबाई आत आली, तिनं देवकाबाईचा हात धरला. दाखवायला काय जातं, देवकाबाईला वाटलं. देणं वेगळं, दाखवणं वेगळं. तिनं पेटीतून ईश्वरदासची तिकिटांची वही काढली, पट्टीचं पान उघडलं आणि थोरल्या जावेच्या हातात दिली.

चुन्नीलालनं भिंग काढलं आणि तो पट्टीवर वाकला. "वाह," तो म्हणाला. "चार. सलग चार. मी जिंदगीभर दुसरा हत्ती शोधतो आहे." त्यानं पत्र्याचा डबा उघडला, आतून एक चिमुकली पुडी काढली आणि त्यातलं स्वतःचं एकुलतं तिकीट अलगद पट्टीशेजारी ठेवलं. "हा माझा. अठरा साल झाले."

"झालं सुरू," पुष्पाबाई पानाला चुना लावत म्हणाली.

"सुरू कसं नाही? पाहा घनश्यामजी, तुम्हाला सांगतो, कोसमगडचा असली माल ओळखायचा कसा. बाजारात नकली फार आहे. पर चोर कितना भी होशियार हो, एक गोष्ट त्याला जमत नाही. या संस्थानचे हत्ती लाकडावर हातानं कोरलेले. हातानं. म्हणून एकाची सोंड दुसऱ्याला जुळत नाही. नकली करणारा एक नमुना घेतो आणि त्याच्यावरूनच सगळे छापतो. त्याचे सगळे एका साच्याचे."

दाराआड देवकाबाई ऐकत होती. हा माणूस आपल्याच पायानं विहिरीकडे चालला होता. तिनं सरबताचा तांब्या उचलला आणि दाराशी आलेल्या निर्मलाबाईच्या हातात कोंबला. "द्या लवकर. त्यायले थांबवा."

"सरबत घ्या जी," निर्मलाबाई म्हणाली.

"ठेवा. आता हा पहिला पाहा. सोंडेच्या टोकाला बारीक फाटा आहे. का? सुताराचा हात घसरला. आता दुसऱ्याच्या सोंडेला तो नाही..." तो थांबला. भिंग जरा वर नेलं, जरा खाली आणलं. "आहे."

"म्हनजे दुप्पट चांगला," गुलाबचंद म्हणाला.

"तिसऱ्याला..." चुन्नीलालचा आवाज उतरला. "चौथ्याला..." मग भिंग फार हळू, नको त्या घरी जावं तसं, त्याच्या स्वतःच्या तिकिटाकडे सरकलं. तिथं ते बराच वेळ राहिलं.

"का झालं जी?" घनश्यामनं विचारलं.

चुन्नीलालनं मान वर केली. कपाळावर घाम होता. त्याची नजर दाराच्या फटीकडे गेली आणि तिथे देवकाबाईचे डोळे त्याला दिसले. त्या डोळ्यांत नवल नव्हतं. या बाईला आधीपासून माहीत आहे, हे त्याला कळलं. आणि याला आत्ता कळलं, हे तिला कळलं.

"बहोत बढिया," चुन्नीलाल म्हणाला. त्यानं सरबताचा घोट घेतला. "असली. फरक आहेत, पण बारीक आहेत. सगळ्यांना दिसत नाहीत."

घनश्यामनं मांडीवर थाप मारली. "मी सांगत नव्हतो? आमचा ईश्वर म्हनजे हिरा. लोकायनं त्याले नावं ठेवली. त्यायले का समजते? बैल का, आज आहेत उद्या नाहीत. त्यानं घराचं नाव केलं. चुन्नीलालजी, ही पट्टी आता तुमची. जमुनाबरोबर..."

हे शब्द ऐकण्यासाठी देवकाबाईनं आयुष्यातली किती वर्षं कान उघडे ठेवले होते. भासरा भरल्या छपरीत ईश्वरदासला हिरा म्हणत होता. तिला वाटलं होतं, असं कधी ऐकलं तर रडू येईल. पण तिला दिसला तो धोतरानं डोळे पुसत हसणारा नवरा. जो आपली चूक पाहून एवढा हसला, त्याच्या नावानं हा खोटा मान घ्यायचा? आणि तो पोरीच्या लुगड्याला बांधून द्यायचा?

तिनं डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि उंबरठा ओलांडून छपरीत आली.

"ते नकली आहेत," ती म्हणाली.

निर्मलाबाई सवयीनं नवऱ्याकडे वळली. "ते नकली आहेत म्हनते."

"ऐकलं मी," घनश्याम म्हणाला. मग त्यालाही सवय सोडवेना. "तिले विचार, तिले कसं माहीत."

"त्यायलेच माहीत होतं," देवकाबाई थेट म्हणाली. "बैल देऊन दोन वर्षांनी समजलं. खुद्द त्यायनं शोधून काढलं. तुमाले सांगितलं नाही, कारन तुमाले आनंद झाला असता."

घनश्यामनं टोपी काढून मांडीवर ठेवली; बोलणं खरं होतं. गुलाबचंद हळूच कलकत्त्याहून परत आला आणि भिंतीला टेकून बसला.

चुन्नीलालनं भिंग बंद करून खिशात टाकलं. "बाई खरं बोलल्या," तो म्हणाला. "मी खोटं बोललो. पाचही एका साच्याचे. मला विकणारा माणूस एका डोळ्यानं..."

"फूल पडलेला," देवकाबाई म्हणाली. "बकाराम."

"दिवाणाचा नातू."

"तोच."

पुष्पाबाईचा पानाचा हात तोंडापाशी थांबला. "म्हनजे घोडा?" तिनं भावाला विचारलं.

"घोडा," चुन्नीलाल म्हणाला.

"कोनता घोडा?" घनश्यामनं विचारलं.

"आमच्या बाबाचा," पुष्पाबाई म्हणाली. "यानं त्या एका टिकटासाठी दिला. बाबा मरेपर्यंत त्या घोड्याच्या नावानं चणे भिजवत होते." आणि इतका वेळ दगडासारखी बसलेली ती बाई हसायला लागली. आधी खांदे हलले, मग पोट, मग पानाचा डबा उपडा झाला. निर्मलाबाईला काही समजलं नव्हतं तरी तिलाही हसू फुटलं.

चुन्नीलालनं उपडा झालेला पानाचा डबा सरळ केला. मग त्याच्याही मिशा हलल्या. "घनश्यामजी, तुमच्या भावानं दोन बैलांत चार हत्ती आणले. मी एका हत्तीला सगळा घोडा दिला. अन् ते दोन सालात शहाणे झाले, मला अठरा लागले. आता तुम्हीच सांगा, मूर्ख कोण?"

घनश्यामला उत्तर देणं जड गेलं, कारण समोर होणारे व्याही बसले होते. "घोडा कसा होता?" त्यानं विचारलं.

"पांढरा. काठेवाडी."

"अरेरे," घनश्याम म्हणाला, आणि ते अगदी मनापासून होतं. जनावराचं दुःख त्याला कळायचं. तो सरकून चुन्नीलालच्या जवळ बसला आणि चाल कशी होती, दात किती झाले होते, ते विचारू लागला.

देवकाबाईनं वहीचं शेवटचं पान उघडून पाहुण्यापुढे ठेवलं. "असली हा आहे."

गुलाबचंद उठून आला. "हा? याले तं दोन्हीकून शेपटी आहे."

चुन्नीलालनं पुन्हा भिंग काढलं. एक पाय आखूड होता, डोळा कानात शिरला होता, शाई पाठीवर फुटली होती. "किती वाईट कोरलाय," तो अखेर म्हणाला, आणि त्याचा आवाज ओला होता.

घनश्यामला संधी दिसली. "मंग हाच घ्या जी भेट."

"हा नाही," देवकाबाई म्हणाली.

निर्मलाबाईनं या वेळी ते परत सांगितलं नाही.

"देऊही नका," चुन्नीलाल म्हणाला. "पण ती नकली पट्टी मला द्या. माझ्या हत्तीजवळ लावतो आणि खाली मोठ्या अक्षरांत नकली लिहितो. जो येईल त्याला दाखवीन. आणि हा पाहायला सालातून एकदा येऊ द्या."

देवकाबाईनं पट्टी सोडवली आणि त्याच्या हातावर ठेवली. एवढ्या वर्षांनी ती हातातून गेली, आणि तिला नवल वाटलं की वही हलकी लागत नाही.

"येशील कसा?" पुष्पाबाई डोळे पुसत म्हणाली. "सोयरीक झाली तर येशील ना? पोरगी कुठं आहे?"

सगळे एकमेकांकडे पाहू लागले. मुलगी दाखवायची राहूनच गेली होती.

जमुना बाहेर आली. ताटातला चहा निवला होता. ओठाला तीळ चिकटलेला होता, कारण दाराआड वाट पाहता पाहता तिनं पाहुण्यांचे वडे खाल्ले होते. पुष्पाबाईनं तिला समोर बसवलं. रांधता येतं का, हे विचारलं नाही. शिवता येतं का, तेही नाही.

"एकच सांग, बाई," ती म्हणाली. "तुले टिकटाचं वेड नाही ना?"

"नाही जी," जमुना खाली पाहून म्हणाली.

"मले पसंत आहे."

निर्मलाबाई कुंकू आणायला धावली. देवकाबाई दाराशी उभी होती. मिसरची, जपानची, कुठकुठली तिकिटं या पोरीच्या गादीखाली होती आणि रोज दुपारी ती काकीजवळ बसून त्यांच्या कडेचे दाते मोजायची, हे तिला चांगलं ठाऊक होतं. चुन्नीलालनंही एकदा मुलीकडे पाहिलं, तिच्या बोटांना लागलेल्या, तिकिटं चिकटवायच्या खळीकडे पाहिलं, आणि मग देवकाबाईकडे पाहिलं.

एका दिवशी एवढं खरं पुरे, असं दोघांनीही ठरवलं.